तेजस्वीचा खुराक

७ जुलै

भैरवी मॅडमनी आज ज्युडोच्या क्लासमधल्या सगळ्या पालकांना एकेक वही ठेवायला सांगितलं. पोरगी किती झोपली, काय खाल्लं, सराव किती केला आणि वजन किती, एवढं रोज लिहायचं. महिन्यातून एकदा मॅडम बघणार. मी खडेबाजारातून दोनशे पानी वही आणली. पण या चार गोष्टींना पानाचा चतकोर तुकडासुद्धा लागत नाही. म्हणून मॅडमसाठी वहीत पुढून लिहायचं आणि माझ्यासाठी मागून, असं ठरवलंय. हे मागचं आहे. हे मॅडमनी वाचायचं नाही.

मी युवराज. बेळगाव-निपाणी गाडीवर सतरा वर्षं कंडक्टर. गाव बेळगुंदी. मुलगी तेजस्वी आठवीत आहे, दीड वर्षापासून बेळगावच्या टिळकवाडीत ज्युडो शिकते. चौदा सप्टेंबरला निपाणीत जिल्ह्याची निवड स्पर्धा आहे. जी गटात पहिली येईल ती राज्याला जाणार. तेजस्वी चाळीस किलोखालच्या गटात आहे. आजचं वजन ३८.४.

मॅडम म्हणाल्या, "तिला जमेल हे. फक्त घरच्यांनी नीट साथ द्या." नीट साथ म्हणजे काय, ते सगळ्यांना छापील कागदावर दिलंय. तो शर्टाच्या खिशात ठेवलाय. उद्या वाचतो.

८ जुलै

कागद शर्टाबरोबर धुण्यात गेला. बायकोनं, रूपालीनं, तो चुलीजवळ वाळवून दिला, पण आता त्यावर 'पालकांनी' एवढंच वाचता येतंय. पालकांनी पुढं काय करायचं ते साबणाला माहीत.

मॅडमकडं दुसरा मागायची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर आमच्या घराला कागदाची काय गरज? माझे वडील, नागोजी आबा, पंचक्रोशीतले पैलवान. मी त्यांच्यासारखा झालो नाही हे सोडा. तालमीत चार महिने गेलो, त्यातले दोन महिने माती चाळली आणि दोन महिने कान शेकले. पण पैलवान कसा घडवतात ते मी लहानपणापासून बघितलंय.

११ जुलै

आजपासून खुराक सुरू. आबांनी खाटेवर बसूनच सगळं ठरवून दिलं. सकाळी वीस बदाम वाटून थंडाई, शाळेला जाताना दोन अंडी, आल्यावर म्हशीचं तांब्याभर दूध, जेवणात तुपाची वाटी, झोपताना परत दूध.

रूपाली भाकरी थापत होती. म्हणाली, "तिला इचारलंसा काय?"

"खुराक काय इचारून देत्यात व्हय?" आबा म्हणाले.

"मला कोण इचारलंतं?" असंही ते पुटपुटले, पण ते त्यांच्या तालमीच्या आठवणीत होते बहुतेक.

तेजस्वीनं पहिला तांब्या माझ्यासमोर उभ्या उभ्या संपवला. ओठांवर दुधाच्या मिशा. "आवडलं काय गं?" विचारलं तर मान हलवली. मला इतका आनंद झाला की उरलेलं अर्धं पातेलं मीच प्यायलो.

१५ जुलै

बातमी गल्लीत गेली. आमच्याकडं पूर्वीपासूनची रीत आहे, गल्लीतला पोरगा मैदानात उतरणार असला की त्याचा खुराक एकट्या घराचा नसतो. ज्याच्या घरात जे असेल ते तो आणून देतो. आबांच्या वेळी अकरा घरांतून दूध यायचं म्हणे.

आज सकाळी शेजारच्या मनुबाई दुधाची किटली घेऊन दारात. पाठोपाठ अक्काताई लोणकढं तूप घेऊन आल्या. समोरच्या गुंडूच्या कोंबड्या आहेत, त्यानं डझनभर अंडी दिली. त्याचा टायगर नावाचा कुत्राही मागं मागं आला आणि आमच्या परसात बसला.

पोरीसाठी गल्लीनं हे पहिल्यांदाच केलं. अक्काताई तेजस्वीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आमच्या टायमाला पोरीला ताक बी शेवटाला मिळायचं गं. खा बाई, पोटभर खा." माझे डोळे भरून आले. तेजस्वी मान खाली घालून उभी होती. तिलाही भरून आलं असणार.

२० जुलै

आज रविवार. मॅडमनी पालकांनाच मॅटवर घेतलं. पोरं काय सोसतात ते आईबापाला कळायला पाहिजे, हा त्यांचा विचार. डॉक्टर, वकील, मास्तर, सगळे पायमोजे काढून रांगेत.

मॅडम वजनानं माझ्या निम्म्या असतील. त्यांनी मला खाली घेतलं कधी आणि दाबलं कधी, कळलंच नाही. वरून शांतपणे सांगत होत्या, "सोसवेना की दोनदा थाप मारायची. मॅटवर मारा, माझ्या पाठीवर मारा. समोरच्यानं लगेच सोडायचं असतं. आम्ही पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

मी पैलवानाच्या घरचा. थाप कशी मारणार? दात खाऊन पडून राहिलो. शेवटी मॅडमनीच कंटाळून सोडलं.

"थाप का नाही मारलीत?"

"जमंना झालं ओ, मॅडम."

"तेजस्वीचंही हेच आहे," त्या म्हणाल्या. "खूप सोसते. वेळेवर थाप मारत नाही."

मला अभिमान वाटला. रक्त बोलतं शेवटी. खांदा मात्र दुखतोय, उजव्या हातानं तिकिटाचं मशीन धरवेना.

२ ऑगस्ट

वजन ३९.१. एवढ्या खुराकात एवढंच? थंडाईत पाच बदाम वाढवले.

बाकी पोरगी शहाणी. दुधाचा तांब्या घेते, परसात जाते आणि दोन मिनिटांत रिकामा आणून ठेवते. माझ्यासमोर प्यायला संकोच वाटतो म्हणते. वयात येणारी पोर आहे, असेल. अंडीही तिकडंच नेऊन खाते.

गुंडू आज विचारत होता, "युवराजण्णा, आमचा टायगर बघितलायस काय? चालतोय की लोळतोय तेच कळंना. घरात तर भाकरीला तोंड बी लावंना झालाय." मी म्हणालो, जंताचं औषध दे.

१० ऑगस्ट

वजन ३९.८. मी मारुतीरावांना सांगितलं. मारुतीराव आमचे ड्रायव्हर, सात वर्षं माझ्याबरोबर त्याच गाडीवर. त्यांनी हत्तरगीच्या चढावर गिअर टाकत विचारलं, "चाळीसच्या वर गेली तर ओ?"

मला हसू आलं. गेली तर बरंच की! समोरची चाळीसला एक कमी आणि आमची चाळीसला एक जास्त, मग कोण कुणाला उचलणार? गावच्या मैदानात जोड लावताना कोण काटा घेऊन बसतं? पंच नजरेनं बघतात आणि लावतात. आणि स्पर्धेतही माणसंच असतात. आमच्या गाडीत आठ वर्षांच्या पोराचे गुडघे वाकवून सहाचा म्हणून सांगतातच की, आणि आम्हीही हसून अर्धं तिकीट देतो. अर्ध्या-पाऊण किलोला कोण अडवणार?

मारुतीराव म्हणाले, "तुमाला म्हाईत." त्यांना खेळातलं काही कळत नाही.

१२ ऑगस्ट

आज अंगारकी. तेजस्वीनं उपवास धरला. शनिवारी मारुतीचा धरते, गुरुवारचाही धरते म्हणाली. एवढ्या लहान वयात केवढी भक्ती! रूपालीला म्हणालो, हे तुझ्या माहेरचं वळण. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली.

उपवासाला शक्ती कमी पडू नये म्हणून साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस तुपात, असं केलं. मनुबाईंनी बासुंदी पाठवली. तेजस्वी ताटाकडं बघत बसली. देवाचं नाव घेत असावी.

१९ ऑगस्ट

पोरीनं आता सरावही वाढवलाय. शाळेतून आली की स्वेटर, वर माझा रेनकोट असं घालून तळ्यापर्यंत पळत जाऊन येते. पाऊस नसला तरी रेनकोट. येते तेव्हा घामानं निथळत असते. केवढा ध्यास म्हणायचा! मी तिच्या मागं सायकलवरून केळी घेऊन जातो. परवा मला बघून तिनं वेग वाढवला. मला गाठता आलं नाही, दम लागला. पोरगी तयार झालीय.

२९ ऑगस्ट

गणपती. गल्लीत घरोघरी आरतीला गेलो आणि घरोघरी 'आमची पैलवान' म्हणून तेजस्वीच्या हातात दोन-दोन मोदक. अक्काताईंनी चार दिले आणि खाईपर्यंत समोरून हलल्या नाहीत. घरी आल्यावर तेजस्वी आईच्या कुशीत शिरून रडली. मी विचारलं तर रूपाली म्हणाली, "दमलीय."

मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "अवो, तुमी तिच्याशी जरा बोला."

"रोज बोलतोय की."

"तुमी बोलतासा. तिला बोलू द्या म्हणतोय मी."

ठीक आहे. सवड काढून तिला बोलायला लावतो.

६ सप्टेंबर

शाळेतून फोन. प्रार्थनेला उभी असताना तेजस्वीला चक्कर आली. ड्युटी सोडून धावलो. बाकावर बसली होती, तोंड पांढरंफटक. माझी तर अर्धी हवाच गेली.

डॉक्टर म्हणाले, काही नाही, अंगात पाणी कमी आहे, खाणंपिणं नीट ठेवा. खाणंपिणं! आमच्या घरात! मी त्यांना यादीच वाचून दाखवली. ते चष्म्यावरून बघत राहिले.

घरी आल्यावर तिच्याजवळ बसलो. रूपालीनं सांगितलंच होतं म्हणून स्पष्ट विचारलं, "काय होतंय, बाळ? खरं सांग."

ती बराच वेळ माझ्याकडं बघत होती. मी हातात दुधाचा पेला धरला होता.

"काय न्हाय, आप्पा."

काही नाही म्हणाली. जीव भांड्यात पडला.

१४ सप्टेंबर

काय लिहू? वही मागून उघडली आणि अर्धा तास नुसता बसलो. पण लिहितो. लिहायलाच पाहिजे.

सकाळी साडेसहाच्या गाडीनं निपाणी. गाडीवर मारुतीरावच. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीत सीटवर बसलो. संकेश्वरला सवयीनं उठून दोघांना 'पुढं सरका' म्हणालो. तेजस्वी खिडकीला डोकं टेकून होती. पाणी देऊ केलं, नको म्हणाली. ओठ सुकले होते. मला वाटलं, भीती.

वजनाच्या खोलीत पुरुषांना सोडत नाहीत. रूपाली गेली. पाच मिनिटांनी दोघी बाहेर आल्या. रूपालीचं तोंड बघूनच कळलं.

"चाळीस पूर्णांक तीन."

मी हसलो. देवाशपथ, हसलो. तीनशे ग्रॅम! दारातल्या बाईंना म्हणालो, "बाई, चालवून घ्या की. पोरगी लांबनं आलीय."

"आगूदिल्लरी," त्या म्हणाल्या. मग माझ्या चेहऱ्याकडं बघून मराठीत म्हणाल्या, "होत नाही. दहा ग्रॅम जास्त असलं तरी होत नाही. एक तास आहे. कमी झालं तर परत आणा."

मागं वळलो तर तेजस्वी पिशवीतून स्वेटर काढत होती. त्याच्यावर रेनकोट. बटण लागत नव्हतं. "आप्पा, मी पळून येतो. एका तासात होतंय. मला म्हाईत हाय, होतंय."

"तुला कसं म्हाईत?"

उत्तर रूपालीनं दिलं. ती मोठ्यानं बोलत नाही, आजही बोलली नाही. "दोन महिनं ती हेच कराय लागलीया. दूध टायगरला. अंडी टायगरला. तुमच्यासमोर खायला लागलं की दुसऱ्या दिवशी उपास. शनवारी मॅडमच्या काट्यावर उभी राहायच्या आधी पळायचं. काल दुपारपासनं तिनं पाणी प्यालं न्हाय."

"मग सांगितलं का न्हाय मला?" मी तेजस्वीला विचारलं. माझा आवाज चढला होता. तिच्यावर नव्हता चढला, पण तिला काय कळणार.

ती रडायला लागली. रडताना डोळ्यांतून पाणीसुद्धा नीट येत नव्हतं. "कसं सांगू? तुमी एवढ्या मायेनं आणतासा. अक्काताई मावशी बी. मनुबाई सवताच्या नातवाला द्यायचं सोडून मला दूध आणायच्या. न्हाय म्हणवंना मला, आप्पा."

मी तिथंच पायरीवर बसलो. शाळेत चक्कर आली तेव्हा मी तिच्यासमोर पेला धरून बसलो होतो. ती माझ्याकडं बघत होती. आता आठवतंय, ती पेल्याकडंही बघत होती.

तेवढ्यात भैरवी मॅडम आल्या. सगळं ऐकलं. मला वाटलं आता माझी साग्रसंगीत पूजा होणार, आणि व्हायलाच हवी होती. पण त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेजस्वीसमोर उकिडव्या बसल्या. "पाणी तोडून माझी मुलगी खेळणार नाही. हे मी तुलाही सांगितलं होतं. आता दोन रस्ते आहेत. घरी जायचं, नाहीतर चव्वेचाळीसच्या गटात आपली एक जागा मोकळी आहे, तिथं खेळायचं. तिथल्या सगळ्या तुझ्यापेक्षा मोठ्या असतील. बहुतेक हरशील. तू सांग."

मी तोंड उघडलं. रूपालीनं माझा हात दाबला, चांगलाच दाबला. मी तोंड मिटलं.

तेजस्वीनं डोळे पुसले. मग तिनं रेनकोट काढला. मग स्वेटर काढला.

"मला भूक लागलीया," ती म्हणाली.

दोन महिन्यांत पहिल्यांदा. मी ताडकन उठलो. बाहेर इडलीची गाडी होती, शिऱ्याची होती, समोर मिठाईचं दुकान. पाय निघालेच होते, पण थांबलो. परत वळलो आणि विचारलं, "काय आणू?"

"पाणी. आणि एक केळं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाली, "एकच, आप्पा."

केळीवाला एक देईना, डझन घे म्हणाला. डझन घेतली. एक तेजस्वीला दिलं, बाकीची अकरा हॉलच्या बाहेर उभ्या असलेल्या सदलग्याच्या पोरींना वाटली. नंतर कळलं, त्यातलीच एक तेजस्वीची पहिली प्रतिस्पर्धी होती.

ती हरली. सदलग्याची पोरगी तिच्यापेक्षा वीतभर उंच. तेजस्वी तीन मिनिटं तग धरून राहिली, दोनदा निसटली, शेवटी खाली गेली. मी ओठ मिटून बसलो होतो. माझी कंडक्टरची शिट्टी रूपालीनं घरातच काढून घेतली होती, ते बरं केलं. मग तिसऱ्या नंबरची कुस्ती झाली, म्हणजे लढत, ती मात्र जिंकली. पाय असा घातला की समोरची पोर उताणी पडून छताकडं बघत राहिली. मॅडम जागच्या जागी उडाल्या.

पण राज्याला फक्त पहिली जाते. आणि चाळीसच्या गटात जी पहिली आली तिला तेजस्वीनं जूनमध्ये क्लासातच दोनदा पाडलं होतं. ही तिची जागा होती. ती मी खाऊन टाकली, म्हणजे खायला घालून घालून घालवली. याला दुसरा शब्द नाही. परतीच्या गाडीत तिला म्हणालो, "चुकलं माझं." ती म्हणाली, "व्हय." आणि मग माझ्या खांद्यावर झोपली, मॅटवर दुखावलेल्या. मी यमकनमर्डीपासून बेळगावपर्यंत हललो नाही.

१५ सप्टेंबर

आबांना सगळं सांगायला गेलो. वाटलं, म्हातारा खचेल. त्यांनी ऐकलं, तपकीर ओढली आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला.

"माझा बा मला तीन शेर दूध पाजायचा," ते म्हणाले. "अर्धं मी म्हशीलाच पाजत हुतो. म्हस लई देखणी झालती बघ. गाव म्हणायचं, पैलवानापेक्षा म्हशीला मैदानात उतरवा."

"मग आबा, तुमी सांगितलं का न्हाय?"

"बाला?" आबांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी काहीतरी अचाटच विचारलंय. "बाला न्हाय कसं म्हणायचं रं?"

संध्याकाळी मॅडमना फोन करून सांगितलं की तुमचा कागद धुण्यात गेला होता. पलीकडं कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, दुसरा पाठवते, प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

१६ सप्टेंबर

आज ड्युटीवरून लवकर आलो. तेजस्वी अभ्यासाला बसली होती. मी म्हणालो, "उद्यापासनं सकाळी तुझ्यासंगट पळायला येऊ काय? सायकलवर न्हाय. चालत."

"नको, आप्पा."

"मग क्लासात येऊन बसू काय? मागं, भिंतीला. बोलणार न्हाय."

"नको. तुमी असलासा की माझं ध्यान तुमच्याकडंच राहतंय."

एवढ्यात अक्काताई आल्या, खिरीची वाटी पदराखाली झाकून. तिसरा नंबर आला म्हणून. मी उठणार होतो, पण तेजस्वीच उठली. दारात गेली. "मावशी, आज नको. पोट भरलंय. रविवारी तुमच्या घरात येऊन खाईन."

अक्काताईंनी माझ्याकडं बघितलं. मी कॅलेंडरकडं बघितलं. मग अक्काताई म्हणाल्या, "बरं बाई, रविवारी ये," आणि वाटी घेऊन गेल्या. काहीही झालं नाही. कुणी मेलं नाही, कुणी रुसलं नाही. दहा मिनिटांत तेजस्वी तीनदा नको म्हणाली होती आणि मला आतून इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही.

तरीपण बाप आहे मी. शेवटी विचारलंच, "मग मी करू काय तुझ्यासाठी?"

तिनं पेन्सिल दातांत धरून विचार केला. "बुधवारी क्लास उशिरा सुटतोय. बाकीच्या पोरी टिळकवाडीतच राहत्यात. गाडीच्या थांब्यापर्यंत मी एकटीच असतोय, आणि तिथं दिवे न्हाईत. मला न्यायला येतासा काय?"

दीड वर्षं ती त्या वाटेनं एकटी येत होती. मी बदाम मोजत होतो.

"येतो," म्हणालो. "दर बुधवारी येतो." डेपोत लगेच फोन लावून बुधवारची ड्युटी बदलून घेतली.

ती परत पुस्तकात बघायला लागली. मग मान वर न करता म्हणाली, "आणि आप्पा, येताना काय बी आणू नका."

उद्या बुधवार आहे. दोन्ही हात मोकळे ठेवून जायचंय. अवघड आहे, पण बघतो.